रसाची बाटली आणि रात्रीची गोळी : एचआयव्हीवरील ‘नैसर्गिक’ पूरकांविषयी एका प्रश्नाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे : “माझे वय ३८. गेली सहा वर्षे एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे) केंद्रातून औषध घेतो, सध्या रोज रात्री एकच गोळी आहे. मागच्या तपासणीत व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असा आला. पत्नीही तेच औषध घेते आणि तिला पाचवा महिना आहे. मेहुण्याच्या ओळखीतल्या एका विक्रेत्याने गुळवेल, अश्वगंधा, नोनी, कोरफड वगैरे सोळा वनस्पतींचा रस आणून दिला आहे. तीन महिन्यांचा कोर्स साडेअकरा हजारांचा. तो म्हणतो की गोळ्या म्हणजे केमिकल, त्या किडनी खातात. रसाने सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) वाढेल, तीन महिन्यांनी गोळ्या बंद करून तपासणी करा, निगेटिव्हच येईल. गोळ्या बंद कराव्यात का? आणि गोळ्यांबरोबर रस घेतला तर निदान तोटा तरी नाही ना?”

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे सारख्या वजनाची नाहीत. गोळ्या बंद कराव्यात का, याचे उत्तर ‘नाही’ एवढेच आहे आणि त्यात कुठलाही अपवाद मी ठेवत नाही. गोळ्यांबरोबर रस चालेल का, याचे उत्तर बाटलीत नेमके काय आहे यावर अवलंबून आहे, आणि ते बहुतेक वेळा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आधी आपला रिपोर्ट पाहू, कारण विक्रेत्याचा सगळा व्यवहार त्याच कागदावर चालतो. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ याचा अर्थ एवढाच की आपल्या रक्ताच्या नमुन्यात यंत्राला विषाणू सापडला नाही. हे आपल्या गोळीचे काम आहे. ती विषाणूला नव्या प्रती काढू देत नाही, म्हणून रक्त स्वच्छ दिसते. परंतु शरीरात काही सीडी४ पेशी अशा असतात की ज्या वर्षानुवर्षे निवांत पडून राहतात आणि त्यांच्या गुणसूत्रांत विषाणूची जनुके कायमची शिवली गेलेली असतात. अशा पेशीत नव्या प्रती निघत नाहीत, त्यामुळे गोळीला अडवण्यासारखे तिथे काही नसते आणि प्रतिकारशक्तीलाही ती पेशी परकी वाटत नाही. उत्तम उपचार चालू असतानाही हा साठा निम्म्यावर यायला सरासरी ४४ महिने लागतात असे मोजले गेले आहे. तो या गतीने संपायचा तर सत्तरहून अधिक वर्षे लागतील. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ कोणताही रस या साठ्यापर्यंत पोचून तो नष्ट करतो, असे कोणीही दाखवून दिलेले नाही.

गोळ्या थांबवल्या की बहुतेकांच्या रक्तात विषाणू दोन ते चार आठवड्यांत परत दिसू लागतो. येथे विक्रेत्याची खरी हातचलाखी लक्षात घ्या. गोळी बंद केल्यापासून आठवड्याच्या आत तपासणी केली तर रिपोर्ट बहुधा कोराच येतो, कारण आधीच्या गोळ्यांचा परिणाम अजून ओसरलेला नसतो. त्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये जातो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवला जातो. ज्याचा तो कागद असतो, तो माणूस सहा-आठ महिन्यांनी ताप, जुलाब किंवा क्षय घेऊन आमच्याकडे, केंद्रातल्या डॉक्टरांकडे येतो, पण त्या वेळचा फोटो कोणी काढत नाही. ‘निगेटिव्ह’ हा शब्दही असाच फसवा आहे. आपली पहिली तपासणी प्रतिपिंडांची, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांची होती आणि ती प्रौढ माणसात उपचार कितीही चांगला चालला तरी पॉझिटिव्हच येत राहते. व्हायरल लोड न सापडणे आणि ‘निगेटिव्ह होणे’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सीडी४ वाढल्याच्या दाव्याचेही तसेच. हा आकडा एकाच माणसात सकाळ-संध्याकाळ बदलतो. साधा सर्दी-खोकला, थकवा, वेगळी प्रयोगशाळा एवढ्यानेही तो तीसेक टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. ४१० चे ४९० झाले म्हणजे काही घडले असे आम्ही मानत नाही. चार वेळा मोजून आलेख कुठे चालला आहे ते पाहतो. विक्रेत्याला मात्र दोनच आकडे पुरतात, आणि दुसरा कमी आला तर ‘शरीर शुद्ध होत आहे’ हे उत्तर तयार असते.

या बाजाराला जागा करून देण्यात आमचाही थोडा हात आहे, हे कबूल केले पाहिजे. सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. तेव्हा सीडी४ २०० च्या खाली गेल्याशिवाय गोळ्या सुरू होत नसत, पुढे ती मर्यादा ३५० झाली. एचआयव्हीचा स्वभाव असा की लागण झाल्यावर पुष्कळांना आठ-दहा वर्षे काहीच होत नाही. म्हणजे हातात पॉझिटिव्ह कागद, मनात भीती, आणि डॉक्टर म्हणतात ‘सहा महिन्यांनी या’. त्या रिकाम्या वर्षांत ज्याने जे दिले ते लागू पडले असे वाटले, कारण काही न देताही तसेच झाले असते. २०१७ पासून सीडी४ कितीही असला तरी निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले आणि ती पोकळी भरली. आज विक्रेत्याला रुग्ण मिळतात ते आपल्यासारखे, म्हणजे गोळीने बरे वाटू लागलेले आणि म्हणून गोळीचा कंटाळा आलेले.

गोळ्या मध्येच थांबवून काय होते हे पाहण्यासाठी कोणाला जीव धोक्यात घालण्याची गरज नाही. ‘स्मार्ट’ नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ५,४७२ जणांपैकी निम्म्यांना सलग औषध दिले आणि उरलेल्यांना सीडी४ पाहून थांबवत-सुरू करत दिले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार थांबवणाऱ्यांत गंभीर संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती दुबळी झाली की होणारे) किंवा मृत्यूचा धोका अडीच पटींहून अधिक निघाला, आणि हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आपल्या गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर अशी तीन औषधे आहेत. त्यांतली पहिली दोन हिपॅटायटिस बी या काविळीच्या विषाणूलाही दाबून धरतात. ज्यांना दोन्ही लागणी आहेत, त्यांनी गोळी अचानक सोडली तर यकृताचा दाह उसळतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. आपली हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का, हे केंद्रात जरूर विचारा.

एका देशाने हा प्रयोग राष्ट्रीय पातळीवर करून पाहिला आहे. दक्षिण आफ्रिकेत थाबो म्बेकी राष्ट्राध्यक्ष असताना आरोग्यमंत्री मांटो त्शाबालाला-म्सिमांग लसूण, बीट, लिंबू यांचा पुरस्कार करीत आणि एआरटीच्या विषारीपणाविषयी बोलत. २००६ च्या टोरांटो येथील जागतिक एड्स परिषदेत त्यांच्या देशाच्या दालनात लसूण, बीट आणि लिंबे मांडलेली होती. मथायस राथ या जीवनसत्त्व-विक्रेत्याने त्याच काळात केप टाउनजवळच्या वस्त्यांत जीवनसत्त्वांच्या गोळ्या एड्सवरचा उपाय म्हणून वाटल्या आणि २००८ मध्ये तेथील उच्च न्यायालयाला ते थांबवावे लागले. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे २००० ते २००५ या काळात औषधे वेळेवर न दिल्यामुळे त्या देशात ३,३०,००० हून अधिक जीव गेले. लसणाने कोणी मेले नाही. लसूण दाखवून जे नाकारले गेले, त्याने मेले.

आता दुसरा प्रश्न, ‘बरोबर घेतले तर’. येथे मला आपल्यापेक्षा आपल्या पत्नीची काळजी अधिक आहे, आणि तीही रसापेक्षा एका साध्या गोष्टीमुळे.

डोलुटेग्राव्हिरची रचना अशी आहे की कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त यांसारख्या धातूंचे कण पोटात भेटले की ते औषध त्यांना चिकटते आणि ती जोडगोळी आतड्यातून रक्तात नीट शोषली जात नाही. उपाशीपोटी कॅल्शियम कार्बोनेटबरोबर गोळी घेतली तर रक्तातले औषध ३९ टक्क्यांनी आणि लोहाच्या गोळीबरोबर ५४ टक्क्यांनी घटते असे मोजले गेले आहे. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचे ॲसिडिटीचे पातळ औषध एकाच वेळी घेतले तर ७४ टक्क्यांनी. पाचव्या महिन्यात असलेल्या बाईकडे लोह-फॉलिक ॲसिडच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या असणारच, आशाताईंनी त्या घरी आणून दिलेल्या असतात, आणि त्या तिला हव्याच आहेत. प्रश्न फक्त वेळेचा आहे. माझ्याकडे एक बाई येत असे, कधी एक दिवसही गोळी न चुकवणारी. तिचा व्हायरल लोड अचानक चार आकड्यांत गेला. समुपदेशकाने तीनदा विचारले, तिने तीनदा तेच सांगितले : रोज पहाटे साडेपाचला, चहाच्याही आधी. शेवटी तिला घरचा डबा आणायला सांगितले. तो फराळाचा छोटा स्टीलचा डबा होता, विसरू नये म्हणून तिने एआरटीची, लोहाची आणि कॅल्शियमची अशा तिन्ही गोळ्या रोजच्या रोज त्यात एकत्र काढून ठेवल्या होत्या आणि तिन्ही एकाच घोटात उपाशीपोटी घेत होती. इतकी शिस्त, आणि नेमकी तीच तिला नडली. लोह आणि कॅल्शियम दुपारच्या वेळांना हलवले आणि पुढच्या तपासणीत विषाणू दिसेनासा झाला.

म्हणून नियम असा : एआरटीची गोळी अशा पूरकांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. लोह किंवा कॅल्शियम एकत्र घ्यावे लागलेच तर पोटभर जेवणाबरोबर घ्यावे, मग शोषण फारसे बिघडत नाही. ॲसिडिटीच्या औषधाला मात्र ही सवलत नाही, तिथे अंतरच पाळावे. व्यायामशाळेतल्या प्रथिनांच्या पावडरी, मल्टिव्हिटामिन, झिंकच्या चघळायच्या गोळ्या, ‘मिनरल’ म्हणून विकले जाणारे थेंब आणि शिलाजित या सगळ्यांना धातूंच्या या हिशेबात धरा. आपण रात्री जेवून गोळी घेता हे चांगले आहे. फक्त झोपताना दुधात पावडर घालून पिण्याची सवय असेल तर ती सकाळी न्या.

वनस्पतींची दुसरी अडचण यकृतात होते. अनेक औषधांचे विघटन यकृतातली काही विकरे (एन्झाइम) करतात आणि काही वनस्पती ती विकरे वेगवान करून औषध वेळेआधी संपवतात. सर्वांत पक्के उदाहरण सेंट जॉन्स वॉर्ट या युरोपीय वनस्पतीचे आहे. २००० मधील अभ्यासात तिने इंडिनाव्हिर या एचआयव्हीच्या औषधाची रक्तातली मात्रा सरासरी ५७ टक्क्यांनी कमी केली. डोलुटेग्राव्हिरबरोबरही ती टाळायला सांगतात. ती आपल्याकडच्या काढ्यांत नसते, पण ‘मूड’ आणि झोपेच्या कॅप्सूलमध्ये ऑनलाइन मिळते आणि परदेशातले नातेवाईक प्रेमाने पाठवतात. लसणाच्या अर्काच्या गोळ्यांनी साक्विनाव्हिर हे एचआयव्हीचे औषध रक्तात निम्म्यावर आणल्याचे दिसले आहे. ते औषध आज आपल्या केंद्रांत वापरात नाही, आणि फोडणीतल्या चार पाकळ्यांनी कोणाचा व्हायरल लोड वाढत नाही; चिंता अर्काची आणि कॅप्सूलची आहे, भाजीची नाही. सोळा वनस्पतींचा रस डोलुटेग्राव्हिरशी कसा वागतो, याचा अभ्यास विक्रेत्याने केला आहे का असे विचारून पाहा.

आपण विचारलेल्या चार वनस्पतींबद्दल थोडे. गुळवेल कोविडच्या काळात घरोघर गेली आणि त्यानंतर मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी तिच्या सेवनानंतर यकृताचा दाह झालेले सहा रुग्ण २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, दुसऱ्याच वनस्पतीची भेसळ झाली असावी असा एक मुद्दा त्यात होता. मला तो मुद्दा आश्वासक वाटत नाही, कारण बाटली उघडणाऱ्या माणसाला आत खरी गुळवेल आहे की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे कळायचे कसे? अश्वगंधा आणि नोनी यांच्यामुळेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी जगभरात आहेत. अशा घटना विरळ आहेत, पण क्षयप्रतिबंधासाठी आयसोनियाझिड चालू असलेल्या माणसाच्या यकृतावर आधीच भार असतो आणि कावीळ झाली की दोष कोणाचा हे शोधण्यासाठी आम्हाला सगळीच औषधे थांबवावी लागतात. कोरफड आणि अश्वगंधा या दोन्ही गर्भारपणात टाळाव्यात असाच सल्ला दिला जातो, त्यामुळे पत्नीने हा रस चाखूही नये.

‘गोळ्या किडनी खातात’ या वाक्यात सत्याचा एक कण आहे, म्हणूनच ते चालते. टेनोफोव्हिरमुळे काही थोड्या लोकांत मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा होते. त्यासाठीच आम्ही ठराविक काळाने रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य) तपासतो आणि गरज पडली तर औषध बदलतो. डोलुटेग्राव्हिरने क्रिएटिनिनचा आकडा किंचित वर जातो, पण मूत्रपिंडाला इजा न होता, कारण ते फक्त त्याचे बाहेर पडणे थोडे अडवते. गंमत अशी की किडनीची भीती घालणाऱ्याच्याच पिशवीत कधी कधी भस्मे असतात. अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक घातक प्रमाणात सापडल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. टेनोफोव्हिर घेणाऱ्याच्या मूत्रपिंडाला पारा हा फार वाईट सोबती आहे.

आणखी एक गोष्ट पावडरींची. एक रिक्षाचालक वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तपकिरी ‘ताकदीची पूड’ घेत होता. महिन्याभरात भूक दुप्पट झाली, वजन वाढले, सांधे दुखायचे थांबले. तो खूश होता आणि पुडी देणाऱ्याला देव मानत होता. तिसऱ्या महिन्यात गाल पुरीसारखे फुगले, पोटावर जांभळे पट्टे उमटले आणि साखर तीनशेवर गेली. पुडीची प्रयोगशाळेत तपासणी झाली नाही, पण स्टेरॉईडचे चित्र ओळखायला आम्हाला फार वेळ लागत नाही. त्याने ती एकदम बंद केली असती तर तेही धोक्याचे होते. मात्रा हळूहळू उतरवून दोन महिने त्याला सोडवावे लागले. ‘पहिल्या आठवड्यातच फरक’ असे कोणी सांगितले की मला नेहमी ते गाल आठवतात.

मी वनस्पतींचा विरोधक नाही, आणि ‘केमिकल विरुद्ध नैसर्गिक’ ही वाटणीच मला पोकळ वाटते. एचआयव्हीवरचे पहिले मंजूर औषध, झिडोव्हुडिन, १९६४ मध्ये कर्करोगासाठी प्रयोगशाळेत तयार झाले. पण त्या प्रकारची रसायने बनवण्याची कल्पना १९५० च्या सुमारास कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात सापडलेल्या द्रव्यांवरून पुढे आली होती. ते औषध १९८७ मध्ये मंजूर झाले, आणि त्याच वर्षी बोर्निओतल्या सारवाकच्या जंगलात आपल्या कोकणातल्या उंडीच्या जातकुळीतल्या एका झाडाची पाने-फांद्या गोळा केल्या गेल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत त्यांतून कॅलॅनोलाइड नावाचे द्रव्य वेगळे निघाले आणि ते खरोखरच विषाणूला अडवत होते. आणखी नमुना आणायला माणसे परत गेली तेव्हा ते झाड तोडले गेले होते. पुढे ते द्रव्य प्रयोगशाळेत बनवून माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचले, पण बाजारात येणारे औषध काही त्यातून झाले नाही. परीक्षानळीत विषाणू मारणे ही या वाटेची पहिली पायरी असते. हळदीतला कर्क्युमिनही परीक्षानळीत एचआयव्हीचे एक विकर अडवतो. पोटातून मात्र तो रक्तात इतका कमी जातो की त्याचा उपयोग आमटीलाच अधिक.

मग पूरकांचा उपयोगच नाही का? आहे, पण जिथे उणीव आहे तिथे. टांझानियात १,०७८ गर्भवतींवर झालेल्या चाचणीत, एआरटी उपलब्ध नसतानाच्या काळात, ब, क आणि ई जीवनसत्त्वांनी आजाराची वाटचाल मंदावल्याचे २००४ मध्ये दिसले. त्याच चाचणीत अ जीवनसत्त्वाच्या पूरकाने आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका वाढला. पुढे त्याच देशात एआरटी घेणाऱ्या ३,४१८ जणांना मोठ्या मात्रेतली जीवनसत्त्वे देऊन पाहिली, तेव्हा फायदा तर दिसला नाहीच, उलट यकृताच्या तपासण्या बिघडू लागल्याने चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. तो अहवाल २०१२ चा आहे. म्हणून आम्ही आयसोनियाझिडबरोबर ब६ देतो, शाकाहारी माणसाच्या हातापायांना मुंग्या येत असतील तर ब१२ तपासतो, आणि बाकी भाकरी, उसळ, शेंगदाणे, अंडी, पालेभाजी यांवर सोपवतो. डोलुटेग्राव्हिर आल्यापासून तर आमच्याकडे वजन घटण्याऐवजी पोट सुटण्याच्या तक्रारी जास्त येतात. साडेअकरा हजारांत किती महिन्यांची अंडी येतात, हा हिशेब आपणच करा.

बाटलीवरचा चौदा आकडी क्रमांक दाखवून विक्रेता ‘सरकारमान्य’ म्हणेल. तो अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना असतो आणि त्याचा अर्थ हे खाद्य म्हणून विकायला परवानगी आहे एवढाच होतो. औषध म्हणून ते कोणीही तपासलेले नसते. एड्स बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, कारण औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट ‘जे’ मधील यादीत एड्स आहे. बाटलीवर असा दावा छापायला तो धजावणार नाही. तो तोंडीच करतो. संदेश लेखी असेल तर जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. आपले नाव त्याच्या वहीत आणि मोबाईलमध्ये गेले आहे, हेही लक्षात असू द्या : २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने आम्हाला आपली माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे, आणि तो माणूस मात्र इतरांचे रिपोर्ट आपल्याला दाखवतो आहे.

पैसे दिले नसतील तर देऊ नका. रस सुरू केला असेल तर आजच थांबवा, केंद्रात न लपवता सांगा आणि यकृताची व क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या. कोणी रागावले तर त्याचा दोष आमच्याकडे. पत्नीच्या पुढच्या गर्भतपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या-बाटल्या एका पिशवीत घालून न्या आणि प्रत्येकीची वेळ समुपदेशकाकडून कागदावर लिहून घ्या. बत्तिसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात तिचा व्हायरल लोड पुन्हा मोजला जाईल, आणि बाळाला जन्मल्याबरोबर कोणते औषध किती आठवडे द्यायचे हे त्या आकड्यावर ठरेल. तोपर्यंत तिचे लोह आणि कॅल्शियम दुपारीच राहू द्या.